झाडांच्या नावांमागचे आश्रयदाते

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पहिला चांगला पाऊस झाला की शेताच्या बांधावर, शाळेच्या कुंपणालगत, वाटेच्या कडेला एक वनस्पती जमिनीसरशी पसरू लागते. लालसर देठ, समोरासमोर येणारी पण आकाराने लहानमोठी अशी पानांची जोडी आणि टाचणीच्या डोक्याएवढी गुलाबी-जांभळी फुले. उन्हाळ्यात तिचा वरचा भाग वाळून जातो. जमिनीतले मूळ मात्र जिवंत राहते आणि पाऊस पडताच त्याला पुन्हा धुमारे फुटतात. म्हणूनच तिचे नाव पुनर्नवा. काही भागांत तिला घेटुळी म्हणतात.

वनस्पतिशास्त्रात तिला 'बोरहाविया डिफ्यूजा' म्हणतात. 'डिफ्यूजा' म्हणजे पसरलेली. हे लगेच पटते. पण 'बोरहाविया' म्हणजे काय? हे एका माणसाचे नाव आहे. हेर्मान बुरहाव्ह (१६६८–१७३८) हा हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचा वैद्यकाचा प्राध्यापक. आपल्या बांधावरच्या पुनर्नव्याशी त्याचा काय संबंध?

असाच प्रश्न आणखी दोन ओळखीच्या झाडांबद्दल विचारता येतो. आपले राज्यपुष्प तामण, म्हणजे 'लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा'. आणि कुठेही गेलात तरी तीनच पाने असणारा पळस, म्हणजे 'ब्यूटिया मोनोस्पर्मा'. लागरस्ट्रोम हा स्वीडनमधला एक व्यापारी होता आणि ब्यूट हा इंग्लंडचा एक पंतप्रधान. बुरहाव्ह, लागरस्ट्रोम आणि ब्यूट या तिघांपैकी कोणीही ही झाडे शोधून काढलेली नाहीत. झाडे शोधणाऱ्यांना त्यांनी आश्रय दिला होता. अठराव्या शतकात विज्ञान कसे चालत असे, कोणाच्या जिवावर चालत असे, हे या तीन नावांचा माग काढला तर चांगले कळते. हा माग शेवटी आपल्याला पुण्यात आणि वाईत आणून सोडतो.

आश्रय म्हणजे काय?

आश्रय ही गोष्ट बारामतीकरांना नवी नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) मूळचे पन्हाळ्याचे. त्यांचे आयुष्य बारामतीत गेले ते बाबूजी नाईक जोशी यांच्या पदरी. नाईक हे पेशव्यांच्या नात्यातले सावकार. त्यांच्याकडे पुराण सांगावे आणि उरलेल्या वेळात काव्य करावे, असा मोरोपंतांचा क्रम होता. कविता विकून पोट भरण्याचा मार्ग त्या काळी नव्हता. कोणीतरी अन्नवस्त्राची सोय करायची आणि त्या निश्चिंतीत कवीने लिहायचे, अशी ती रीत होती.

त्याच शतकात युरोपातल्या वैज्ञानिकांची स्थिती फारशी वेगळी नव्हती. आज आपण ज्याला संशोधकाची नोकरी म्हणतो ती तेव्हा जवळजवळ नव्हतीच. वनस्पतींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या हुशार पण गरीब मुलापुढे एकच धंदा मोकळा होता, तो वैद्याचा. याचे कारण साधे आहे. बहुतेक औषधे वनस्पतींपासून तयार होत. औषध देणाऱ्याला झाड ओळखता आले नाही तर रोग्याच्या जिवाशी गाठ. त्यामुळे वनस्पतिशास्त्र हा विषय वैद्यकाच्या शाळेतच शिकवला जाई आणि विद्यापीठांच्या बागा मुळात औषधी बागा असत. बुरहाव्ह स्वतः वैद्यकाचा प्राध्यापक होता, वनस्पतिशास्त्राचाही होता आणि १७१८ पासून रसायनशास्त्राचाही!

या बुरहाव्हचा आश्रय कसा असे त्याचे एक उदाहरण पाहा. पॅरिसमधला वनस्पतिशास्त्रज्ञ सेबास्तियन व्हेलाँ याने तिथल्या वनस्पतींवर आयुष्यभर खपून एक ग्रंथ तयार केला होता. तो छापण्याआधीच व्हेलाँ आजारी पडला. त्याने हस्तलिखित बुरहाव्हच्या हवाली केले. व्हेलाँ १७२२ मध्ये वारला आणि बुरहाव्हने तो ग्रंथ १७२७ मध्ये लायडनला छापून काढला. बोरहाविया हे नाव मूळ या व्हेलाँचे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने ते आपल्या ग्रंथात कायम केले. बांधावरच्या पुनर्नव्याला चिकटलेले हे नाव म्हणजे अशी एका उपकाराची पावती आहे.

शाळामास्तरांचा सल्ला

लिनियसचा उल्लेख आलाच आहे, तर त्याची हकिगत शिक्षकांनी अवश्य वाचावी अशी आहे. कार्ल लिनियसचा जन्म १७०७ चा. वडील स्वीडनमधल्या खेड्यातले धर्मोपदेशक. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे ही त्यांची इच्छा. १७२६ मध्ये ते मुलाच्या प्रगतीची चौकशी करायला शाळेत गेले, तेव्हा बहुतेक शिक्षकांनी सांगितले की हा मुलगा विद्वान होण्यातला नाही. एकाने मात्र वेगळे सांगितले. योहान रोथमान हा त्या शाळेत शिकवणारा डॉक्टर. मुलगा धर्मशास्त्रात चमकणार नाही, पण वैद्यकात नाव काढील, असे तो म्हणाला. एवढे बोलून तो थांबला नाही. त्याने मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले, शरीरशास्त्र शिकवले आणि वनस्पतींचे वर्गीकरण फुलांवरून कसे करतात ते दाखवले.

पुढे उप्साला विद्यापीठात लिनियसचे हाल झाले. पैसे संपले, बुटांना भोके पडली तेव्हा आत कागद घालून तो चाले. १७२९ मध्ये विद्यापीठाच्या बागेत त्याची गाठ ओलोफ सेल्सियसशी पडली. तापमापकामुळे प्रसिद्ध असलेल्या सेल्सियसचा हा काका. त्याने या अनोळखी विद्यार्थ्याचे वनस्पतींचे ज्ञान पाहिले आणि त्याला राहायला जागा दिली, ग्रंथालय खुले केले.

१७३५ मध्ये लिनियस वैद्यकाची पदवी घेण्यासाठी हॉलंडला गेला. हिवतापाच्या कारणांवरचा त्याचा प्रबंध तयारच होता. खिशात पैसे बेताचेच, पण बरोबर एक हस्तलिखित होते. ते पाहून ग्रोनोव्हियस नावाचा डॉक्टर इतका प्रभावित झाला की त्याने आपल्या एका स्कॉटिश मित्राबरोबर छपाईचा खर्च उचलला. हाच तो 'सिस्टेमा नातुरी' हा ग्रंथ. मग लिनियस बुरहाव्हला भेटला. बुरहाव्हने त्याला सल्ला दिला की आफ्रिकेला आणि अमेरिकेला जा, सोय करून देतो. उष्ण हवा मानवणार नाही असे सांगून लिनियसने नकार दिला. तेव्हा बुरहाव्हने दुसरा सल्ला दिला: ॲमस्टरडॅमला बुर्मान नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे जा. लिनियस त्याच्याकडे राहिला.

तिथेच त्याची गाठ जॉर्ज क्लिफर्डशी पडली. क्लिफर्ड हा धनाढ्य सावकार आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी एक. त्याच्या बागेत देशोदेशीच्या वनस्पती होत्या. प्रकृतीची काळजी करण्याचा त्याचा स्वभाव होता. तेव्हा वैद्यही असलेला आणि बागही सांभाळणारा माणूस त्याला हवाच होता. पण लिनियस बुर्मानकडे गुंतलेला. क्लिफर्डच्या संग्रहात बुर्मानला हवा असलेला एक दुर्मीळ ग्रंथ होता, आणि त्याच्या दोन प्रती होत्या. एक प्रत बुर्मानला देऊन त्याने लिनियसला मोकळे करून घेतले! वर्षाला १००० फ्लोरिन आणि राहणे-जेवण फुकट अशी नेमणूक ठरली.

या सगळ्या साखळीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे 'वशिला' हा शब्द वाईट अर्थानेच वापरतात, आणि अनेकदा ते योग्यच असते. मुलगा कोणाचा, एवढे विचारून जे काम होते तो वशिला. रोथमान, सेल्सियस, बुरहाव्ह यांच्यापैकी कोणीही लिनियसच्या बापाकडे पाहिले नाही. त्यांनी मुलाच्या हातातले काम पाहिले. तरीसुद्धा हे मान्य केले पाहिजे की अशी नजर असलेला माणूस भेटणे हा नशिबाचा भाग होता. रोथमान त्या शाळेत नसता तर लिनियस कुठल्यातरी खेड्यातला एक सामान्य धर्मोपदेशक झाला असता.

आश्रित आश्रयदाता होतो

लिनियस १७४१ मध्ये उप्सालाला प्राध्यापक झाला आणि आता विद्यार्थी सल्ला मागण्यासाठी त्याच्याकडे येऊ लागले. त्याने जे स्वतः नाकारले होते तेच तो शिष्यांना सांगू लागला: जहाजावर चढा, दूरदेशी जा, वनस्पती गोळा करा. जाणार कसे? इथे स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक मागनुस फॉन लागरस्ट्रोम उपयोगी पडला. कंपनीच्या जहाजांवर लिनियसच्या शिष्यांना धर्मोपदेशक म्हणून जागा मिळत. रविवारी प्रार्थना सांगावी आणि बंदर आले की वनस्पती जमवाव्यात. १७५० मध्ये पेर ओस्बेक चीनला गेला तो असाच. लागरस्ट्रोम स्वतःही पूर्वेकडचे नमुने लिनियसला पुरवत असे. १७५९ मध्ये लिनियसने तामणाच्या प्रजातीला त्याचे नाव दिले.

या सल्ल्याची किंमतही मोठी होती. पहिला शिष्य टॅर्नस्ट्रोम १७४६ मध्ये चीनच्या वाटेवरच मरण पावला. मागे बायको आणि मुले. तिने नवऱ्याच्या मृत्यूचा दोष लिनियसला दिला. त्यानंतर लिनियसने काय केले? शिष्य पाठवणे थांबवले नाही. फक्त अविवाहित शिष्य पाठवू लागला. दूरच्या प्रवासाला गेलेल्या त्याच्या सतरा शिष्यांपैकी सात जण परत आले नाहीत. सल्ला देणारा घरी बसलेला असतो आणि धोका सल्ला घेणाऱ्याने पत्करायचा असतो, हे विसरून चालत नाही.

लिनियसचा एक शिष्य भारतात आला. योहान गेरहार्ड कोनिग हा १७६८ मध्ये डॅनिश लोकांच्या तरंगंबाडीच्या वसाहतीत वैद्य म्हणून दाखल झाला. पगार पुरेना, म्हणून १७७४ मध्ये तो अर्काटच्या नवाबाच्या पदरी राहिला आणि १७७८ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या. एकाच माणसाचे हे तीन आश्रय. त्याच्यापासून स्फूर्ती घेतली विल्यम रॉक्सबर्गने. हा गरीब घरातला स्कॉटिश तरुण. एडिंबरोला वैद्यक शिकत असताना प्राध्यापक जॉन होप यांनी त्याला वनस्पतींची गोडी लावली आणि कंपनीच्या जहाजावर शस्त्रवैद्याच्या हाताखाली जागा मिळवून दिली. स्कॉटलंडची विद्यापीठे डॉक्टर भरपूर तयार करत, पण त्यांना पुरेशी कामे तिथे नव्हती. त्यामुळे अशा तरुणांचा ओघ कंपनीकडे लागला होता. रॉक्सबर्ग १७७६ मध्ये मद्रासला नेमला गेला आणि १७९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्याच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथाचा पहिला खंड १७९५ मध्ये लंडनला निघाला. त्यात पळसाचे चित्र आहे, ब्यूटिया या नावाने. ब्यूटचा तिसरा अर्ल जॉन स्टुअर्ट हा १७६२–६३ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान होता. राजकारणात त्याला यश आले नाही, पण लंडनजवळच्या क्यू येथील बाग वाढवण्यात त्याचा मोठा हात होता.

ब्यूटनंतर क्यूची सूत्रे ज्याच्याकडे आली तो सर जोसेफ बँक्स. हा १७७८ ते १८२० एवढा प्रदीर्घ काळ रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. रॉक्सबर्गचा ग्रंथ त्याच्याच देखरेखीखाली छापला गेला. भारतातल्या कंपनीच्या प्रत्येक होतकरू डॉक्टरला ठाऊक असे की बँक्सला पत्र लिहावे, पत्राबरोबर काहीतरी नवे पाठवावे. त्याची मर्जी बसली तर बढतीचा मार्ग मोकळा होतो.

मुंबईची पत्रे आणि पुण्याचा कुंभार

असाच एक डॉक्टर मुंबईत होता. हेलेनस स्कॉट, हाही स्कॉटिश. १७९० पासून सुमारे दहा वर्षे तो बँक्सला पत्रे लिहीत राहिला. इथले लोक कापड कसे रंगवतात, मोतीबिंदू कसा काढतात, कोणते पदार्थ कशासाठी वापरतात, अशी माहिती त्यांत आहे. विचारवंत धरमपाल यांनी १९७१ मध्ये ही पत्रे छापल्यामुळे ती आज आपल्याला सहज वाचता येतात.

स्कॉटने पाठवलेल्या वस्तूंपैकी दोन गाजल्या. एक होते 'वुट्झ' नावाचे पोलाद. बँक्सने ते तपासायला दिले. जॉर्ज पिअर्सन या डॉक्टरने त्यावर प्रयोग करून १७९५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला. निबंधाच्या मथळ्यात हे पोलाद 'मुंबईत तयार होणारे' म्हटले आहे! वुट्झ दख्खन आणि दक्षिण भारतातल्या भट्ट्यांत तयार होई. मुंबई हे फक्त ते जहाजावर चढवण्याचे बंदर. पण पत्र मुंबईहून आले होते, म्हणून पोलादही मुंबईचे झाले.

दुसरी गोष्ट पुण्याची. कापलेले नाक पुन्हा तयार करण्याची शस्त्रक्रिया इथले लोक करतात, हे स्कॉटने बँक्सला कळवले आणि त्यासाठी लागणारा चिकट पदार्थही पाठवला. या शस्त्रक्रियेचे तपशीलवार वर्णन ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये चित्रासह छापून आले. रोगी होता कावसजी नावाचा, इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा मराठा शेतकरी. टिपूच्या सैन्याने त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला होता. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या, म्हणजे आपल्या शब्दांत कुंभार, माणसाने त्याला नवे नाक करून दिले.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. त्या रेघेवर त्वचा कापून सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधला एक अरुंद पट्टा मात्र न कापता ठेवायचा. मग हा त्वचेचा पदर खाली वळवून नाकाच्या जागी बसवायचा आणि कडा सांधून वर ओल्या काताच्या पट्ट्या लावायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. भुवयांमधला पट्टा कापायचा तो सुमारे पंचविसाव्या दिवशी.

हा पंचविसावा दिवस महत्त्वाचा. अंगावरून पूर्ण सुटी केलेली एवढी जाड त्वचा रक्ताविना मरते. अरुंद पट्ट्यातून तिला रक्त मिळत राहते. तीन आठवड्यांत नव्या जागेतल्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, मग पट्टा तोडला तरी चालते. रक्तवाहिन्यांचा हा हिशेब त्या कुंभाराने कुठल्या ग्रंथात वाचला नसेल, पण तो त्याला अनुभवाने नेमका ठाऊक होता. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने हे वर्णन समोर ठेवून १८१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कपाळाच्या त्वचेने नाक दुरुस्त करण्याची पद्धत प्लॅस्टिक सर्जन आजही वापरतात.

आता या प्रकरणातली नावे मोजू. रोग्याचे नाव माहीत आहे. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरांची नावे छापली आहेत. त्यांपैकी एक थॉमस क्रूसो. कावसजीचे चित्र काढणारा जेम्स वेल्स. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट, ज्याच्या भोवती ही सगळी मंडळी जमत. बँक्स, स्कॉट, कार्प्यू. आणि ज्याने शस्त्रक्रिया केली तो 'विटा करणाऱ्या जातीचा एक माणूस'.

जातीमुळे नाव गेले, असे चटकन वाटेल. पण त्याच पुण्यात, त्याच वर्षांत, मॅलेटच्याच आश्रयाला गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होता. १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्याचे चित्र काढले. वेरूळच्या लेण्यांची चित्रेही काढली. तोही कारागीर जातीतला. त्याचे नाव आणि चित्रे शिल्लक आहेत, कारण त्याचे काम कागदावर होते आणि तो कागद मॅलेटबरोबर इंग्लंडला गेला. कुंभाराचे काम दुसऱ्याच्या चेहऱ्यावर होते. ते कागदावर उतरवले दुसऱ्यांनीच, आणि त्यांना त्याचे नाव विचारावेसे वाटले नाही.

वाईची बाग

मग आपल्या राज्यकर्त्यांनी वैद्यांना आश्रय दिला नव्हता का? दिला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशांचा अभ्यास करून १९०० साली जो निबंध लिहिला त्यात याची माहिती आहे. सरकारी नोकरीत वैद्य, हकीम आणि शस्त्रवैद्य होते. खाजगी वैद्यांना इनाम जमिनी दिल्या जात. नाशिकच्या एका गुजराती वैद्याला जहागीर होती; तो सर्वांना औषध फुकट देई. मुलाने तेच काम पुढे चालवले, म्हणून जहागीर त्याच्याकडे चालू ठेवली. वाईला तर सरकारी खर्चाने औषधी वनस्पतींची बाग लावली होती. तिथला वैद्य बागेतल्या वनस्पतींपासून औषधे करून गोरगरिबांना देत असे.

हा आश्रय आणि बँक्सचा आश्रय यांत फरक आहे. पेशव्यांची अट होती की रोग्यांना औषध द्या. बँक्सची अट, न लिहिलेली, अशी की मला पत्र लिहा, नमुना पाठवा. पहिल्या अटीने वाईच्या रोग्याला त्याच दिवशी औषध मिळाले. बँक्सच्या पत्रव्यवहाराने असा कोणता रोगी बरा झाला नाही. पण वाईतल्या बागेत कोणत्या वनस्पती होत्या, कोणते औषध कशावर चालले आणि कशावर चालले नाही, याचा ग्रंथ छापला गेला नाही. ज्ञान बापाकडून मुलाकडे, इनामासारखेच, घरातल्या घरात गेले. इनाम संपले तेव्हा पुढे नेणारे कोणी राहिले नाही. छापलेला ग्रंथ मात्र वुट्झसारख्या चुका घेऊन का होईना, अनोळखी माणसांच्या हाती पडतो. ते त्यातले तपासतात आणि चुका दुरुस्त करतात. वुट्झ मुंबईत होत नव्हते हे पुढे कळले ते असेच.

म्हणजे छापायचे असेल तर मूळ माहीतगाराचे नाव जायचेच, असे आहे का? तसे मुळीच नाही. याच्या शंभर वर्षे आधी कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक फान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅमला छापला (१६७८–१६९३). त्याला माहिती देणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युदन होते, आणि मूळच्या गोव्याकडच्या कोकणी समाजातले रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे तीन वैद्य होते. या तिघांनी आपण काय काम केले ते कोकणीत, नागरी लिपीत १६७५ मध्ये लिहून दिले. ते निवेदन पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे, त्यांच्या नावांसह. हाच ग्रंथ पुढे लिनियसने भारतीय वनस्पतींसाठी आधाराला घेतला. तेव्हा १६७८ मध्ये जे करता आले ते १७९४ मध्ये करता येणार नाही असे काही नव्हते. फक्त विचारायचे होते.

आपल्या वर्गात

आज विज्ञानाला सरकार पैसा पुरवते, स्पर्धा परीक्षा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. तरी आश्रय संपलेला नाही, त्याचे रूप बदलले आहे. संशोधन संस्थांत उन्हाळी प्रकल्पासाठी येणाऱ्या अर्जांबरोबर शिफारसपत्र मागतात. मी अशी पत्रे बरीच वाचली आहेत. 'विद्यार्थी हुशार, कष्टाळू व चारित्र्यवान आहे' हे वाक्य शंभरातल्या नव्वद पत्रांत असते आणि त्याचा कोणालाच उपयोग होत नाही. 'या मुलीने शाळेमागच्या ओढ्याचे पाणी चार महिने दर सोमवारी तपासले' असे एक वाक्य असेल तर अर्ज बाजूला काढून ठेवावासा वाटतो. रोथमानने नेमके हेच केले होते. मुलगा चांगला की वाईट यावर तो बोलला नाही. तो कशात चांगला आहे ते त्याने पाहिले आणि सांगितले. यासाठी अर्ल किंवा सावकार असावे लागत नाही.

दुसरी गोष्ट माहितीच्या नोंदींची. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी लोकांच्या मदतीने जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. बारामती-इंदापूरच्या गावांत मेंढपाळ आहेत, सुईणी होत्या त्यांच्या लेकी-सुना आहेत, भीमेच्या आणि नीरेच्या काठचे मासेमार आहेत. कोणता पाला मेंढराला कधी बाधतो, पुनर्नव्याची भाजी कोणी कोणत्या दुखण्यात खायची, हे त्यांना ठाऊक असते. शाळेचे प्रकल्प या लोकांच्याच माहितीवर उभे राहतात. मात्र प्रकल्पाच्या वहीत 'गावकऱ्यांनी सांगितले' किंवा 'एका वृद्ध स्त्रीने सांगितले' एवढेच लिहिलेले असते. पुण्याच्या कुंभाराचे झाले तेच, आपल्याच हातून.

तेव्हा या पावसाळ्यात एक उपक्रम करून पाहा. परिसरातल्या पंधरा-वीस वनस्पतींचा तक्ता मुलांकडून करून घ्या. पहिल्या रकान्यात गावातले नाव, दुसऱ्यात शास्त्रीय नाव, तिसऱ्यात ते नाव कोणा माणसावरून आले असल्यास त्या माणसाची माहिती. चौथ्या रकान्यात वनस्पतीचा उपयोग. आणि पाचव्यात तो उपयोग सांगणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव, गाव, तारीख. अर्थात त्या व्यक्तीला विचारून आणि तिची परवानगी घेऊन. पुनर्नव्याच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात बुरहाव्ह येईल. पाचव्या रकान्यात वर्गातल्याच एखाद्या मुलीच्या आजीचे नाव आले पाहिजे.